बळाची बेगमी

आज ज्या खेळाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे, त्याचे नाव जरा जिभेला जड आहे. त्याला ट्रायथ्लॉन म्हणतात. नाव जड असले तरी त्यातली एकही गोष्ट आपल्याला परकी नाही. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, एवढ्या तीनच गोष्टी. विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेली, सायकलवरून दुसऱ्या गावच्या शाळेला गेलेली आणि सुटलेल्या एस.टी.मागे धावलेली माणसे आपल्याकडे गावोगाव सापडतील. फरक एवढाच की, या खेळात तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, घड्याळ चालू ठेवून करावयाच्या असतात. पाण्यातून बाहेर यायचे, तसेच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की धावू लागायचे.

या शर्यतीचे पल्ले लहानमोठे असतात. मी बोलणार आहे तो मध्यम पल्ला. त्यात पोहणे १.९ किलोमीटर, सायकल ९० किलोमीटर आणि धाव २१.१ किलोमीटर. पन्नास मीटर लांबीच्या तलावात अडतीस वेळा लांबी कापली की पोहण्याचे अंतर पुरे होते. सायकलचे अंतर म्हणजे जवळजवळ सांगलीहून कोल्हापूरला जाऊन परत येणे. आणि त्यानंतर अर्धी मॅरेथॉन! बेरीज ११३ किलोमीटर होते. मैलांत ती ७०.३ भरते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही शर्यत त्या आकड्यानेच ओळखली जाते. मुदत बहुधा साडेआठ तासांची असते.

हा खेळ फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो येथे मिशन बे या खाडीकाठी धावपटूंच्या एका मंडळाने तो पहिल्यांदा या नावाने भरवला. त्यावेळी ४६ जणांनी भाग घेतला. पुढे हवाई बेटांवर एक वाद निघाला. सर्वांत दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी ठरवले की, तोंडाने वाद घालण्यापेक्षा तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करून पाहाव्यात. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले आणि बारा जण पोहोचले. तो लांब पल्ला होता. आपला मध्यम पल्ला त्याच्या बरोबर निम्मा. सन २००० मध्ये सिडनी येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, पण तिथला पल्ला याहूनही लहान असतो.

यातली एक गोष्ट शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७४ च्या त्या पहिल्या शर्यतीत आधी धाव होती, मग सायकल आणि शेवटी पोहणे. आज क्रम उलटा आहे. थकलेला माणूस रस्त्यावर खाली बसू शकतो, पाण्यात त्याला बसायला जागा नाही. म्हणून पाणी आधी. मुलांची सहल नदीवर नेली, तर खेळून दमल्यावर त्यांना पाण्यात सोडू नये, हा शहाणपणाही त्यातच आला.

आता थोडे माझ्याविषयी. मी कृष्णाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत व्यायाम शिकवतो. वय एकेचाळीस होते तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, न्यूझीलंडमधील टाउपो या गावी जाऊन मी ही शर्यत पुरी केली. खर्च पुष्कळ येतो, हे आधीच सांगून टाकतो. विमानाचे भाडे, शर्यतीची फी, जुनी का होईना पण बरी सायकल, यांसाठी तीन वर्षे पैसे बाजूला ठेवले आणि उरलेले शिक्षकांच्या पतपेढीतून काढले. प्रत्येकाने असे करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. याच पल्ल्याची शर्यत २०१९ मध्ये गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर झाली, तेव्हा विलायतेलाच गेले पाहिजे असेही नाही. मला सांगायचे आहे ते तयारीविषयी. कारण ही शर्यत त्या एका दिवशी पार पडत असली, तरी ती जुळून येते आधीच्या आठ महिन्यांत.

आपल्या घरात पावसाळ्याआधी बेगमी करतात ना? धान्य, डाळ, मीठ, मिरची, सरपण सगळे थोडेथोडे भरून ठेवायचे आणि चार महिने मोजूनमापून काढायचे. या शर्यतीचेही तसेच आहे. बळ आधी सावकाश साठवायचे आणि मग बेताने खर्चायचे. एका दिवसात कोठार भरत नाही, आणि भरलेले कोठार पहिल्याच आठवड्यात उधळले तर श्रावणात चूल पेटत नाही.

एप्रिलमध्ये सुरुवात केली तेव्हा आठवड्याचे मिळून सहा तास होत. दोनदा पोहणे, तीनदा सायकल, तीनदा धावणे. पहाटे पाचला उठून साडेसहापर्यंत आटोपायचे, कारण साडेदहाला शाळा आणि मध्ये घरची कामे. रविवारी लांबचा फेरा. ऑक्टोबरअखेर हेच सहा तास अकरापर्यंत नेले. दर चौथ्या आठवड्यास मेहनत कमी करावयाची आणि आठवड्यातला एक दिवस पुरता विसावा घ्यावयाचा, हा नियम मोडला नाही. शरीर बळकट होते ते मेहनतीनंतरच्या विश्रांतीत. नांगरटीनंतर जमीन तापू देतात, तसेच हे समजावे. शिवाय काळीज आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण सांधे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर तयार व्हायला फार वेळ लागतो. दम आला म्हणून पल्ला एकदम वाढवला, तर घोटा किंवा गुडघा बोलू लागतो आणि मग महिनाभर सगळेच बंद.

वेग किती ठेवावा? याला महागडे घड्याळ लागत नाही. बाजूला चालणाऱ्या सोबत्याशी पुरे वाक्य बोलता आले, तर वेग बरोबर आहे. एक शब्द बोलून धाप लागू लागली, तर तो जास्त झाला. बहुतेक दिवस याच बोलत्या वेगाने मेहनत करावी. जोराची मेहनत आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

आता पोहणे. आपण विहिरीत पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पोहायला शिकतो. तसे शिकलेला माणूस बुडत नाही, पण डोके वर काढून पोहतो. डोके वर आले की पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. लांब अंतरासाठी तोंड पाण्यात ठेवावे लागते, श्वास पाण्यात सोडावा लागतो आणि घेताना फक्त मान बाजूला वळवावी लागते. ही एक गोष्ट अंगवळणी पडायला मला अडीच महिने लागले. त्यानंतर तेच अंतर निम्म्या कष्टात होऊ लागले.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८५ ते २०१६ या काळात तिथल्या ट्रायथ्लॉन शर्यतींमध्ये झालेले मृत्यू आणि काळीज बंद पडण्याचे प्रसंग, असे एकूण १३५ प्रसंग तपासले. त्यांतले ९० पोहताना घडले होते. आणि हे सगळे होड्या, जीवरक्षक आणि डॉक्टर हजर असलेल्या ठिकाणी, बरं का! मग आपल्या डोहावर तर काहीच नसते. म्हणून आमचे नियम ठरलेले होते. एकट्याने पाण्यात उतरावयाचे नाही. काठावर दोर घेऊन एक जाणता माणूस उभा पाहिजे. कमरेला रंगीत तरंगती पिशवी बांधलेली पाहिजे. नदीला पूर असताना पाण्याकडे फिरकायचेसुद्धा नाही. आणि अस्तरीकरण केलेल्या कालव्यात कधीच पोहावयाचे नाही. कालव्याचे पाणी वरून संथ दिसते, पण आत ओढ असते आणि कडा गुळगुळीत व उतरत्या असल्याने धरायला काही सापडत नाही. चांगले पोहणारेही तिथून बाहेर येऊ शकत नाहीत.

सायकलविषयी थोडेच सांगतो. पायडल जड करून जोर लावण्यापेक्षा हलके ठेवून मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारले, तर मांड्या धावण्यासाठी शिल्लक राहतात. आमच्या भागात ऑक्टोबरनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हणून उजाडल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही, डोक्याला हेल्मेट आणि मागे तांबडा दिवा. सायकलवरून उतरून लगेच धावले, तर पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. म्हणून रविवारी लांब सायकल झाली की दारातच सायकल टेकवून पंधरा-वीस मिनिटे धावायचे. आठ-दहा रविवारांनंतर पायांना त्याची ओळख होते.

खाण्यापिण्याचेही शिक्षण घ्यावे लागते. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो पुष्कळ झाला तर चार-पाचशे ग्रॅम. सहासात तासांच्या श्रमाला तो पुरत नाही. म्हणून वाटेत तासाला साठ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात गेले पाहिजेत. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात. मी केळी, गूळ आणि साखर-मीठ-लिंबाचे पाणी यांवरच सराव केला. जे सरावात पोटाला मानवले, तेच शर्यतीत घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडून धोका आहे. कमी प्यायले तर अंग तापते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण नुसते साधे पाणी तहानेपेक्षा फार जास्त प्यायले, तर रक्तातले मीठ पातळ होते आणि माणूस बेशुद्धही पडतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरात तेरा जणांचे मीठ असे उतरलेले आढळले. तेव्हा तहान लागेल तसे प्यावे, आणि घाम पुष्कळ जात असेल तर त्यात मीठही असावे.

एवढी बेगमी झाल्यावर निघालो. न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा देश. आपल्या पिकांना आणि जनावरांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून ते लोक फार जपतात. वापरलेले बूट, सायकल, खेळाचे सामान आणि खाण्याचे पदार्थ सगळे फॉर्मवर लिहून द्यावे लागते. न लिहिता नेले तर जागच्या जागी दंड होतो. मध तर नेताच येत नाही. म्हणून आमच्या काळ्या मातीचा कणही राहू नये, अशी सायकल ब्रशाने घासून काढली. टायरच्या खाचा माझ्या मुलींनी जुन्या दातांच्या ब्रशाने साफ केल्या. आपल्या जमिनीची एवढी काळजी घेणारे लोक पाहून मला, खरे सांगायचे तर, हेवा वाटला.

त्यांचे घड्याळ डिसेंबरात आपल्यापुढे साडेसात तास असते आणि ऋतूही उलटा, म्हणजे तेव्हा तिथे उन्हाळा. म्हणून शर्यतीच्या पाच दिवस आधी पोहोचलो. झोप ताळ्यावर यायला तेवढे दिवस लागतात. वाहने मात्र आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सायकल चालवताना गोंधळ झाला नाही.

टाउपो हे त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. हजारो वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन जमीन खचली आणि त्या खळग्यात हे पाणी साठले. त्यातूनच वायकाटो नदी निघते, ती ४२५ किलोमीटर वाहते, आणि त्या देशात तिच्याहून लांब नदी नाही. मी गेल्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये, याच गावी या पल्ल्याची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. १४ तारखेला स्त्रियांची, १५ तारखेला पुरुषांची. अमेरिकेची टेलर निब आणि बेल्जियमचा येले गेन्स जिंकले. स्त्रियांना स्वतंत्र दिवस दिला होता, हे मुद्दाम सांगतो.

पाणी सोळा-सतरा अंशांचे. आपल्या विहिरीचे पाणी पंचवीसच्या वर असते. अशा थंड पाण्यात एकदम गेले की पहिली एक-दोन मिनिटे श्वास आवरत नाही, माणूस धापा टाकतो. त्यावेळी पोहायची घाई केली तर पाणी नाकातोंडात जाते. उपाय साधा आहे. अंगावर रबरी पोशाख घालायचा, आधी तोंडावर आणि मानेवर पाणी मारायचे, सावकाश उतरायचे, आणि श्वास जागेवर येईपर्यंत नुसते तरंगत राहायचे. माझ्या पुढून कितीतरी लोक निघून गेले. जाऊ दिले. सत्तेचाळीस मिनिटांनी मी काठावर आलो.

सायकलचा रस्ता दुभत्या गाईंच्या कुरणांमधून जातो. चढउतार सौम्य, पण वारा मोकळा. इथे एक नियम फार चांगला आहे. पुढच्या सायकलच्या आडोशाने जाऊन वारा चुकवता येत नाही, बारा मीटर अंतर ठेवावे लागते. कोणी आडोसा घेतला तर पंच त्याला पाच मिनिटे थांबवून ठेवतात. ज्याचे बळ त्यानेच खर्चावे, दुसऱ्याच्या पाठीमागे लपू नये, असा त्याचा अर्थ. दर वीस मिनिटांनी घोट आणि घास घेत तीन तास बत्तीस मिनिटांत मी सायकल आणून ठेवली.

मग धाव. सरोवराच्या काठाकाठाने. इथे बेगमीचा हिशेब उघड होतो. सकाळी वाऱ्यासारखे गेलेले काही तरुण दहाव्या किलोमीटरला पायात गोळे येऊन चालत होते. त्याच वेळी साठी उलटलेली एक बाई अगदी एका ठेक्यात माझ्या पुढून गेली. तिचा वेग पहिल्या मिनिटाला जो असेल, तोच शेवटच्या मिनिटालाही असणार. दर थांब्यावर गावातली शाळकरी मुले पाणी आणि फळे हातात देत होती. सगळे मिळून सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी माझी शर्यत पुरी झाली. माझ्या आधी शेकडो पोहोचले होते, पण माझा हिशेब मात्र जुळला होता.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आपल्या गावांतून शेकडो मुलेमुली पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावत असतात. त्यांच्या आशा मोठ्या, घरची परिस्थिती बेताची, आणि जाहिरात निघाली की हाती उरलेले दिवस थोडे. मग सहा महिन्यांचे काम सहा आठवड्यांत उरकायचा प्रयत्न होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमध्ये एका भरतीत पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते. त्या चाचण्यांच्या काळात दहाहून अधिक तरुण उमेदवार दगावले. प्रत्येकाचे कारण निराळे असेल. पण अशा बातमीनंतर आपल्या मैदानावर उभ्या असलेल्या मुलांकडे पाहताना शिक्षकाच्या पोटात गोळा येतो.

म्हणून आमच्या शाळेत आता काही नियम आहेत. जाहिरातीची वाट न पाहता मुलांनी वर्षभर बोलत्या वेगाने धावावे. धावताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मैदानात यावयाचे नाही. अंगात ताप असताना धावणे बंद. उन्हाळ्यात नऊनंतर मैदान बंद. जोर येण्याची औषधे आणि सुया घेऊन कोणी आले, तर त्याला फाटकातूनच परत पाठवावयाचे. आणि मुलगा थांबला, तर त्याला कोणी हसायचे नाही. थांबायची लाज वाटू लागली की मुले जिवावर उदार होतात.

यातल्या कशालाही परदेशी जायला नको, की पैसा नको. एक घड्याळ, एक वही आणि पहाटे उठणारा एक शिक्षक एवढे पुरते. वहीत रोज लिहावे, आज किती धावलो, झोप किती झाली, कुठे दुखले. महिन्याभराने ती वही वाचली की मुलाला आपल्या बळाचा साठा आपोआप कळू लागतो. ज्याला आपला साठा कळला, तो त्याची उधळण करीत नाही.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. बियाण्याचे पोते फोडून कोणी जेवण करीत नाही. तरुण मुलामुलींचे काळीज हे घराचे बियाणे आहे. ते जपून, हंगाम पाहून, सावकाश रुजू द्यावे.